अ‍ॅव्हरेज गेलं कुठे? वाघबीळ ते रबाळे धावणाऱ्या एका डिझेल एसयूव्हीचं प्रकरण

गाडी सात आसनी, मागच्या चाकांवर चालणारी. 2.2 लिटर टर्बो डिझेल, सहा गिअर मॅन्युअल, बीएस6. वय चार वर्षं, मीटरवर पन्नास हजारांच्या पुढे. मालक घोडबंदर रोडला वाघबीळला राहतात आणि रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. तक्रार एका वाक्याची: "आधी साडेबारा द्यायची, आता नऊच्या वर सरकत नाही."

वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपला ही तक्रार आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येते. बहुतेक वेळा "आधी साडेबारा" हा आकडा आठवणीतला असतो, आणि आठवण नेहमी उतारावरची असते. हे गृहस्थ मात्र वही घेऊन आले होते. तारीख, मीटर, लिटर, पंप, सगळं रकान्यात. क्वालिटीवाल्या माणसाचा एवढा उपयोग व्हायलाच हवा. म्हणूनच हे प्रकरण लिहिण्याजोगं झालं.

आमच्याकडे येईपर्यंत गाडीवर दोन-तीन उपाय होऊन गेले होते. पंप बदलला, महागडं प्रीमियम डिझेल भरून पाहिलं, टाकीत कसलीशी बाटली ओतली. शेवटी एका गॅरेजने चारही इंजेक्टर काढायला सांगितले आणि साठ-सत्तर हजारांचा अंदाज हातात ठेवला. तो कागद पाहून साहेबांना झोप लागेना.

आधी आकडा खरा करा

डॅशबोर्डवरचा आकडा 10.4 दाखवत होता, वही 9 म्हणत होती. अशा वेळी वहीवर विश्वास ठेवायचा. डॅशबोर्ड इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून हिशोब करतो आणि बहुतेक गाड्यांत तो थोडा उदार असतो. टाकी फुल ते टाकी फुल हीच पद्धत घरच्या घरी भरवशाची. मात्र पंप तोच, शक्यतो नोझलही तेच, आणि पहिल्या 'टक'ला थांबायचं. "राउंड फिगर करू का साहेब?" म्हणून पंपवाला पुढे अर्धा लिटर कोंबतो, तिथे हिशोब बिघडतो. एका टाकीवरून काही ठरवू नये. तीन-चार टाक्यांची बेरीज करून भागाकार करावा.

वही चाळताना एक गोष्ट दिसली जी मालकांच्या लक्षात आली नव्हती. अ‍ॅव्हरेज हळूहळू घसरलं होतं हे खरं, पण मध्ये एकाच ठिकाणी अचानक पायरी उतरल्यासारखं होतं. तारीख विचारली तर टायर बदलल्याची निघाली.

कंपनीचे टायर 235/65 आर17 होते. दुकानदाराने "गाडी भरलेली दिसते" म्हणून 255/65 आर17 बसवले होते. आता कागदावर मांडू. जुन्या टायरचा बाहेरचा व्यास 737 मिलिमीटर, नव्याचा 763. म्हणजे एका फेऱ्यात गाडी साडेतीन टक्के जास्त पुढे जाते, पण मीटर बिचारा फेरेच मोजतो. रस्त्यावर दर शंभर किलोमीटरमागे साडेतीन किलोमीटर फुकट धावतात आणि वहीत येतच नाहीत. जीपीएस लावून ताडून पाहिलं, फरक तेवढाच आला. म्हणजे वहीतला 9 हा खरा 9.3 होता. काहीही दुरुस्त न करता गाडीचं अ‍ॅव्हरेज सुधारलं, असं मी म्हटलं तेव्हा साहेब हसले नाहीत.

रुंद टायर फुकट मात्र येत नाहीत. वजन जास्त, रस्त्याशी घासणं जास्त. त्यात हवा 27 पीएसआय होती. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर 35 सांगत होतं. "कमी ठेवली की राईड मऊ लागते," हे दुकानदाराचं शास्त्र. सकाळी टायर गार असताना 35 करून दिली.

मालकांना आणखी एक राग होता: "जाहिरातीत पंधराच्या वर लिहिलंय." ते लिहिणं खोटं नसतं, वेगळ्या रस्त्यावरचं असतं. आपल्याकडची चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. 1180 सेकंद, जेमतेम साडेदहा किलोमीटर, कमाल वेग 90, एसी बंद. सरासरी वेग ताशी 32 किलोमीटरच्या आसपास पडतो. वाघबीळ ते रबाळे वीसेक किलोमीटरला सकाळी सव्वा तास लागतो, म्हणजे सरासरी 16. अर्धा वेग, चालू एसी, वर मेट्रोचं काम आणि खाली खड्डे. तुलना करायची तर आपल्याच कालच्या वहीशी करावी.

रस्त्याचा हिशोब

सव्वा तासापैकी पंचवीसेक मिनिटं गाडी जागेवर उभी असते: कापूरबावडी, माजिवडा, तीन हात नाका, आणि आनंदनगरच्या अलीकडची ती रांग जी टोल बंद होऊनही पुरती हटलेली नाही. एवढ्या आकाराचं इंजिन एसी लावून उभं असताना तासाला साधारण पाऊण-एक लिटर पितं. म्हणजे एका फेरीत तिसरा हिस्सा लिटर डिझेल एकही फूट पुढे न जाता जळतं. फेरीला सव्वादोन लिटरच्या आत-बाहेर लागतात, त्यातला सातवा हिस्सा हा.

दुसरा मार्ग कळवा-विटाव्याचा. अंतर त्याचंही तसंच, आणि विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली अडकलं की सगळं गणित संपतं. ऑक्टोबर 2024 पासून ऐरोलीच्या नाक्यावर हलक्या वाहनांना टोल नाही, तेव्हापासून साहेब मुलुंड-ऐरोली पुलावरूनच जातात. ते बरोबरच आहे. वेळ मात्र चुकीची होती. साडेआठऐवजी सव्वासातला निघून पाहा, एवढंच सुचवलं. कारखान्यातली शिफ्ट थोडी लवचिक होती म्हणून जमलं. सगळ्यांना जमत नाही.

(खरं तर डिझेल वाचवायचा सर्वांत सोपा उपाय ट्रान्स-हार्बर लोकल आहे. ठाण्यानंतर दिघा गाव, ऐरोली, आणि लगेच रबाळे. पण "वाघबीळहून ठाणे स्टेशन गाठायचं कसं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून विषय वाढवला नाही.)

इंजेक्टर निर्दोष

आता गाडीकडे. इंजेक्टरवर आरोप होता म्हणून पहिली तपासणी त्यांचीच. स्कॅनरवर चारही सिलिंडरचे करेक्शन आकडे, म्हणजे कोणत्या सिलिंडरला किती कमी-जास्त इंधन द्यावं लागतं ते, मर्यादेत. तरी रिटर्नच्या (जादा डिझेल परत नेणाऱ्या) नळ्या काढून चार बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन थोडा वेळ चालवलं. इंजेक्टर आतून गळत असेल तर त्याची बाटली इतरांच्या आधी भरते. इथे चारही बाटल्यांतली पातळी बोटभरही वेगळी नव्हती. मालकांना मुद्दाम बोलावून दाखवलं. साठ-सत्तर हजारांचा कागद त्यांनी तिथेच फाडला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला तो प्रकार होता.

टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होज पाइप तपासले. तिथे चीर गेली की हवा कमी पडते, काजळी वाढते आणि गाडी दमते. पाइप शाबूत होते, तेलाचा ओघळ नव्हता. एअर फिल्टर घोडबंदरच्या धुळीने भरलेला होता. तो बदलला, पण त्याने अ‍ॅव्हरेज वाढेल अशी आशा ठेवू नका असंही सांगितलं. आजच्या टर्बो डिझेलमध्ये तुंबलेला फिल्टर आधी ताकद खातो, अ‍ॅव्हरेजवर परिणाम थोडाच. एरर कोड एकही नव्हता.

मग डिपस्टिक, म्हणजे इंजिन तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, काढली. तेल कमाल पातळीच्या खुणेच्या वर होतं. सर्व्हिसनंतर काही महिन्यांनी तेल थोडं उतरतं, चढत नाही. एक थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर सोडला. मध्ये काळा ठिपका आणि भोवती पसरत गेलेलं फिकट तेलकट कडं. वास घेतला तर कच्च्या डिझेलचा. तेलात डिझेल उतरत होतं. इंजेक्टर गळत नसतील तर ते यायला दुसरी ठळक वाट एकच: डीपीएफचं रीजनरेशन.

हे जरा नीट सांगायला हवं, कारण 1 एप्रिल 2020 ला बीएस6 हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक डिझेल एसयूव्हीला हे लागू आहे. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरची काजळी अडवणारी जाळी. ती भरत आली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ती काजळी जाळून साफ करतो. हेच रीजनरेशन. त्यासाठी तो सिलिंडरमध्ये थोडं डिझेल उशिरा सोडतो, जेणेकरून त्याची उष्णता एक्झॉस्टमध्ये जावी आणि जाळीत तापमान 600 अंशांच्या घरात पोहोचावं. दहा-पंधरा मिनिटं सलग गाडी चालली की काम फत्ते. त्या वेळात अ‍ॅव्हरेज पडतंच, पण मोकळ्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला हे काही शे किलोमीटरमधून एकदा करावं लागतं, म्हणून जाणवत नाही. अर्ध्यात इंजिन बंद केलं तर जाळलेलं डिझेल वाया, जाळी तशीच, आणि उशिरा सोडलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली तेलात. पुढच्या फेरीला पुन्हा पहिल्यापासून.

स्कॅनरवर 'मागच्या पूर्ण रीजनरेशननंतरचं अंतर' पाहिलं, तर ते हजाराच्या पुढे गेलेलं. सुरू होऊन अर्धवट सोडलेले प्रयत्न मात्र ढीगभर. साहेबांना विचारलं, कधी कंपनीत गाडी बंद केल्यावर पंखा घोंघावत राहतो का? आयडलचा आवाज कधीतरी चढा लागतो का? जळका वास? तिन्हीला होकार. "मला वाटलं उन्हाळा आहे म्हणून."

ऐरोलीच्या पुलावर

इथपर्यंतचं निदान कुणीही करेल: शहरातल्या रांगा, छोट्या फेऱ्या, डीपीएफ तुंबतो. पण एक गोष्ट पटत नव्हती. सव्वा तासाची फेरी छोटी नव्हे. तीत पुलावरचा आणि ठाणे-बेलापूर रोडचा बऱ्यापैकी मोकळा टप्पा आहे. तिथे तरी रीजनरेशन पूर्ण व्हायला हवं होतं.

म्हणून लॅपटॉप मांडीवर घेऊन मी शेजारच्या सीटवर बसलो आणि साहेबांना रोजच्यासारखी गाडी चालवायला सांगितली. माजिवड्यापर्यंत कूलंटचं (इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्याचं) तापमान कूर्मगतीने चढत 70 वर आलं. तीन हात नाक्याच्या रांगेत 78. तिथेच रीजनरेशन सुरू झालं, एक्झॉस्टचं तापमान वर जाऊ लागलं. आनंदनगर ओलांडून गाडी पुलावर आली, साहेबांनी पाचवा टाकला, वेग 70. आणि कूलंट उतरू लागलं. 76, 73, 70. पूल संपता संपता 66. त्याच वेळी ईसीयूने रीजनरेशन सोडून दिलं. मोकळ्या रस्त्यावर जे पूर्ण व्हायचं, तेच मोकळ्या रस्त्यावर मोडत होतं.

गरम झालेलं इंजिन 85 ते 90 च्या आसपास स्थिर राहायला हवं. वारा लागल्यावर ते बारा अंशांनी गार पडतं याचा अर्थ एकच, थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणं हे त्याचं काम. तो बंद अडकला तर गाडी तापते, वाफा निघतात, सगळ्यांना कळतं. उघडा अडकला तर कुणालाच कळत नाही. काट्याचा एक टप्पा कमी दिसतो एवढंच. साहेब म्हणाले, "मी तर खूश होतो, आपली गाडी थंड चालते म्हणून."

गार इंजिन डिझेल दोन वाटांनी खातं. तेल दाट राहतं, घर्षण वाढतं, ईसीयू गाडी अजून तापायची आहे असं समजून त्या हिशोबाने इंधन सोडतो. ही पहिली वाट. दुसरी म्हणजे डीपीएफची साफसफाई. ठरावीक तापमानाखाली ईसीयू ती सुरू करत नाही, किंवा सुरू केलेली सोडून देतो. मुंबईच्या हवेत थर्मोस्टॅट बिघडल्याचा संशयही येत नाही, आणि रांगेत उभं राहिल्यावर कूलंट परत चढतं, म्हणून कोडही पडला नव्हता.

परत वर्कशॉपला आल्यावर माझ्या पोऱ्याने सवयीने चारही चाकांवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. मागचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा चाळीस अंशांनी गरम. कॅलिपरची सरकपिन गंजून जाम झाली होती, ब्रेक सोडल्यावरही पॅड चिकटून राहत होतं. जॅकवर चढवून हाताने फिरवलं तर अर्ध्या फेऱ्यात चाक थांबायचं. पावसाळ्यानंतर आपल्याकडच्या गाड्यांत हे फार दिसतं आणि सर्व्हिसच्या यादीत क्वचित तपासलं जातं.

काय केलं

थर्मोस्टॅट नवा, सोबत कूलंट. पिना साफ करून ब्रेकचं ग्रीस, पॅड घासून समतल. इंजिन तेल बदललं, आणि इथे हट्ट धरला तो कमी राखेच्या तेलाचा. डीपीएफच्या गाड्यांसाठी मॅन्युअलमध्ये वेगळा दर्जा लिहिलेला असतो. साधं तेल ओतलं तर त्यातली राख जाळीत बसते, आणि काजळीसारखी ती जळत नाही. मग रविवारी पहाटे माजिवड्याहून नाशिक हायवेने शहापूरपर्यंत, चौथ्या-पाचव्या गिअरात इंजिन दोन हजार आरपीएमच्या वर ठेवून. कूलंट 88 वर खिळलेलं. रीजनरेशन पडघ्याच्या आसपास सुरू झालं आणि पूर्ण झालं.

सगळं मिळून खर्च इंजेक्टरच्या कागदाच्या चौथ्या हिश्श्याएवढाही आला नाही.

पाय आणि डोळे

यानंतर उरतो चालवणारा. दोन टनांची गाडी ताशी 60 वर न्यायला इंजिनची कार्यक्षमता धरून साधारण 25 मिलिलिटर डिझेल लागतं. ब्रेक दाबून थांबवली की ते सगळं डिस्कवर उष्णता होऊन जातं. असे चाळीस ब्रेक म्हणजे एक लिटर. वेग 30 असेल तर हाच खर्च चौथाई, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून पुढच्या गाडीच्या मागे सुसाट जाऊन कचकन थांबणं हा घोडबंदरवरचा सर्वांत महाग शौक आहे.

"अहो, पुढे जागा सोडली की रिक्षा घुसते," साहेबांचं म्हणणं. घुसू दे. तुम्ही पोहोचण्यात तिने किती सेकंद घेतले ते घड्याळात पाहा.

सिग्नल लाल दिसला की गिअरमध्येच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. त्या वेळात इंजेक्टर पूर्ण बंद असतात, डिझेल शून्य. न्यूट्रल केलं तर उलट आयडलिंगचं डिझेल लागतं, आणि उतारावर ते धोक्याचं. एसी बंद करायला मी कुणाला सांगत नाही. 24-25 वर ठेवा, आतली हवा फिरवा.

गावी साताऱ्याला जाताना एक्सप्रेस-वेवर बाराच मिळतात, ही दुसरी तक्रार. इथे दोषी छतावरचा कॅरिअर आणि उजवा पाय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो, म्हणजे 80 चे 100 केले की तो दीडपटीहून जास्त होतो. एवढ्या उंच, चौकोनी गाडीत 100 वर जळणाऱ्या डिझेलचा मोठा वाटा हवा कापण्यात जातो. कॅरिअर वर्षातून दोनदा वापरात येणारा, बाकी वेळ नुसता वारा अडवणारा. काढला. बोरघाटाचं मात्र वाईट वाटून घेऊ नये. माणसं-सामानासकट सव्वादोन टन वजन सहाशे मीटर वर न्यायला सुमारे एक लिटर जास्त लागणारच. त्यातला काही भाग येताना उतारावर परत मिळतो, ब्रेकऐवजी गिअरने उतरलं तर.

नंतरची वही

दोन महिन्यांच्या टाक्यांची बेरीज: शहरात खरे 11.4, म्हणजे मीटरवर 11. हायवेला 85-90 च्या वेगाने 15 च्या आसपास. जुन्या साडेबारापर्यंत शहरात गाडी गेली नाही, आणि हे टायर आहेत तोवर जाईलसं वाटत नाही. शिवाय माजिवडाही चार वर्षांपूर्वीचा राहिलेला नाही.

कुठल्या दुरुस्तीने किती मिळालं हे काटेकोर सांगता येणार नाही, कारण सगळं एकाच वेळी केलं. गिऱ्हाइकाची गाडी एकेक भाग बदलून महिनाभर ठेवता येत नाही. माझा अंदाज: थर्मोस्टॅट आणि डीपीएफ मिळून सर्वांत मोठा वाटा, मग चिकटलेला ब्रेक, मग हवा आणि लवकर निघणं जवळपास सारखे. महिन्याला अकराशे किलोमीटरला वीसेक लिटर वाचतात. लिटरला नव्वदच्या भावाने अठराशे-एकोणीसशे रुपये.

डिपस्टिक आता जागेवर आहे. पूर्ण रीजनरेशनमधलं अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या वर गेलंय. डीपीएफच्या पुढचा-मागचा दाब, जाळी स्वच्छ असताना किती, तो आकडा त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिला आहे. दर सर्व्हिसला त्याच्याशी ताडायचं. साफ केल्यावरही दाब चढाच राहू लागला तर ती राख असेल, आणि मग जाळी काढून धुवावी लागेल. मानपाड्याला मुलीला क्लासला सोडायची तीन किलोमीटरची फेरी, जिच्यात इंजिन कधीच तापत नव्हतं, ती वहिनींनी स्कूटरवर घेतली. टायर झिजेपर्यंत मीटरला 1.035 ने गुणायचं. साहेबांनी त्यासाठी वहीत नवा रकाना आखलाय.